धोरण बदललं, अंदाज चुकला की नोंदच चुकली? मागच्या वर्षाच्या आकड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उलटतो, जिनिंगची घरघर थांबते, आडतीवरची तुरीची आवक ओसरते आणि सीए ऑफिसांत ताळेबंदाचा हंगाम सुरू होतो. त्यातच कुणाच्या तरी मागच्या वर्षीच्या फायलीतून एखादं बिल, एखादी गोदाम पावती बाहेर पडते. मग फोन येतो. त्या फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं मालकी धंदे, भागीदारी फर्म आणि छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांसाठी, म्हणजे अकाउंटिंग स्टँडर्ड ५ (हिशेबाच्या ठरलेल्या नियमांपैकी एक, पुढे एएस ५) पाळणाऱ्यांसाठी आहेत. इंड एएस, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठीचे वेगळे नियम, लागू असलेल्या कंपन्यांचं पुढे वेगळं सांगितलं आहे.

फरक शेवटी नफ्यातच पडतो. मग धोरण, अंदाज, चूक असे तीन कप्पे कशाला?

कारण तो फरक कोणत्या वर्षाच्या नफ्यात आणि कोणत्या नावाने दिसणार, हे कप्प्यावर ठरतं. धोरण म्हणजे मोजायची पद्धत. अंदाज म्हणजे त्या पद्धतीत घातलेला, पण आज कुणालाच पक्का माहीत नसलेला आकडा: मशीन किती वर्षं चालेल, उधारी किती बुडेल, ग्रॅच्युइटी किती द्यावी लागेल. आणि चूक म्हणजे माहिती हाताशी असताना ती वगळली, चुकीची लावली किंवा बेरीजच चुकली.

धोरणावरून वाद क्वचितच होतात. खरी ओढाताण असते ती चुकीला ‘अंदाज बदलला’ हे सभ्य नाव देण्यावरून. अंदाज बदलला म्हटलं की कुणाचंच बोट कुणाकडे जात नाही, म्हणून मुनीमजींपासून मालकांपर्यंत सगळ्यांना ते सोयीचं वाटतं.

धोरण कधी बदलता येतं? मनात आलं म्हणून चालतं का?

नाही. एएस ५ प्रमाणे तीनच कारणं चालतात: कायद्याने सांगितलं, एखाद्या अकाउंटिंग स्टँडर्डने सांगितलं, किंवा नव्या पद्धतीने धंद्याचं चित्र जास्त योग्य उमटतं. या तिसऱ्या कारणाच्या आडून बरंच काही खपवलं जातं, म्हणून ऑडिटर तिथेच अडून बसतो आणि त्याने बसायलाच हवं.

लातूरच्या एका डाळ मिलचं उदाहरण घेऊ, आकडे सोपे ठेवून. सुरुवातीला १०० क्विंटल तूर ९,००० रुपये भावाची. वर्षभरात ३०० क्विंटल घेतली १०,००० भावाने. अखेरीस १२० क्विंटल शिल्लक. ‘आधी आलेला माल आधी गेला’ या फिफो पद्धतीने शिल्लक मालाची किंमत १२ लाख. भारित सरासरीने (एकूण खर्च भागिले एकूण क्विंटल) भाव निघतो ९,७५०, म्हणजे किंमत ११ लाख ७० हजार. माल तोच, पोती तीच, नफ्यात फरक ३० हजारांचा. दोन्ही पद्धती एएस २ ला, म्हणजे शिल्लक मालाच्या स्टँडर्डला, मान्य आहेत, त्यामुळे एकीवरून दुसरीवर जाणं हा धोरणातला बदल झाला. त्याचा परिणाम ज्या वर्षी बदल केला त्याच वर्षीच्या हिशेबात दाखवायचा आणि ताळेबंदाला जोडलेल्या टिपेत रकमेसह लिहायचा. रक्कम काढताच येत नसेल तर तसं लिहायचं. या वर्षी फरक किरकोळ आहे पण पुढे मोठा पडणार आहे, असं असेल तरीही ते आत्ताच सांगायचं.

भाव चढले की फिफो आणि उतरले की सरासरी, असं दर वर्षाआड करणाऱ्याला ‘योग्य चित्र’ हे कारण सांगता येत नाही.

आम्ही सरकीचा शिल्लक माल बाजारभावाने धरत होतो. आता खर्चाने धरायचा आहे. हा धोरणातला बदल ना?

बहुतेक वेळा नाही. ही चूक आहे.

एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि उरलेल्यातली बहुतांश सरकीच असते. सरकी म्हणजे झाडलोटीचा कचरा नव्हे. तिच्या पैशावर जिनिंगचं गणित उभं असतं. एएस २ म्हणतं की शिल्लक माल हा खर्च आणि निव्वळ विक्रीमूल्य (विक्रीचा खर्च वजा जाता हाती येणारी किंमत) यांपैकी जे कमी असेल त्याने धरा. कापसाचा खर्च रुई आणि सरकी यांच्यात कोणत्या प्रमाणात वाटायचा, ते तुमचं धोरण. पण खर्चापेक्षा जास्त असलेला बाजारभाव लावून ठेवला असेल, तर ती मान्य पद्धतच नव्हती. अमान्य पद्धतीवरून मान्य पद्धतीवर येणं म्हणजे चूक दुरुस्त करणं. टिपेत ‘धोरण बदललं’ असं लिहिलं, तर मागची पद्धतही बरोबर होती असा अर्थ निघतो आणि तो खोटा आहे.

पहिल्यांदाच सरकारी अनुदान मिळालं. त्यासाठी नवी पद्धत ठरवली, तर तो बदल धरायचा का?

नाही. जालना किंवा वाळूजच्या कारखान्याला सामूहिक प्रोत्साहन योजनेतून पहिल्यांदा अनुदान आलं, तर आधी त्याबद्दल धोरणच नव्हतं, बदललं काय? एएस १२ पाहून धोरण ठरवा, टिपेत लिहा आणि पुढच्या वर्षी तेच पाळा.

अंदाज बदलला तर जुनी वर्षं उघडायची का?

उघडायची नाहीत. अंदाजातला बदल हा आजपासून पुढे लागू होतो.

समजा जिनिंगची मशिनरी ३२ लाखांना घेतली, भंगाराची किंमत २ लाख, आयुष्य १५ वर्षं धरलं. सरळ रेषेने वर्षाला २ लाख घसारा. ६ वर्षांत १२ लाख गेले, पुस्तकी किंमत उरली २० लाख. आता फिटर सांगतो की रोलर आणि गिअरबॉक्सची अवस्था बघता ही फार तर ४ वर्षं चालेल. मग उरलेले १८ लाख ४ वर्षांत वाटायचे: वर्षाला साडेचार लाख. मागच्या ६ वर्षांना हात लावायचा नाही, कारण त्या वेळी १५ वर्षं हाच रास्त अंदाज होता. या वर्षी घसारा अडीच लाखांनी वाढला, हे मात्र टिपेत लिहायचं.

फिटरचं म्हणणं कागदावर घ्या. नुसत्या ‘मालक म्हणाले’वर साडेचार लाखांचा घसारा उभा राहत नाही.

घसाऱ्याची पद्धतच बदलली, सरळ रेषेऐवजी घटत्या शिलकीने, म्हणजे दर वर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के, लावायचा ठरवला. हे तरी धोरण ना?

जुने अकाउंटंट हो म्हणतील आणि त्यांच्या काळापुरतं ते बरोबर होतं. पूर्वी एएस ६ प्रमाणे हा धोरणातला बदल होता आणि घसारा सुरुवातीपासून पुन्हा काढावा लागायचा. २०१६ मध्ये सुधारित एएस १० आलं आणि तेव्हापासून घसाऱ्याची पद्धत बदलणं हा अंदाजातला बदल मानला जातो. पुढच्या वर्षांनाच लागू, मागचं जसंच्या तसं. अजूनही काही ऑफिसांत जुनी शीट काढून १० वर्षांचा घसारा पुन्हा मांडतात. ती मेहनत आता नको.

धोरण की अंदाज, हेच कळत नसेल तर?

एएस ५ स्वतःच उत्तर देतं: अंदाजातला बदल समजा आणि नीट उघड करा.

आणि अंदाज की चूक, हे कसं ओळखायचं?

इथे थोडं थांबावं लागेल. एकच प्रश्न विचारायचा: हिशेब मंजूर करताना ही माहिती तुमच्याकडे होती का, किंवा थोडी चौकशी केली असती तर मिळाली असती का?

नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडे तुमचे ५ लाख येणे आहेत. ३१ मार्चला तो हप्त्याहप्त्याने देत होता, म्हणून तुम्ही २० टक्के, म्हणजे १ लाखाची तरतूद केली. पुढच्या दिवाळीनंतर त्याने दुकान बंद केलं आणि सगळी रक्कम बुडाली. उरलेले ४ लाख हे या वर्षाचं नुकसान. मार्चमधला तुमचा अंदाज चुकला, पण तुम्ही चुकला नाहीत.

आता हेच जरा बदलून पाहा. त्याच्या वकिलाचं पत्र फेब्रुवारीतच आलं होतं, दुकान विकायला काढल्याचं त्यात स्पष्ट होतं, आणि ते पत्र आवक फायलीत लावलेलं सापडलं. तेव्हा १ लाखाची तरतूद हा अंदाज नव्हताच. समोरच्या माहितीकडे केलेलं दुर्लक्ष होतं. ही चूक.

मधली एक स्थितीही आहे. व्यापाऱ्याने दुकान मे महिन्यात बंद केलं आणि तुमचा ताळेबंद जुलैत सही झाला. एएस ४ प्रमाणे ३१ मार्चनंतर पण मंजुरीच्या आधी आलेली माहिती, जर ३१ मार्चच्याच परिस्थितीवर प्रकाश टाकत असेल, तर ती त्याच वर्षात धरायची. जुलैत सही करताना मे महिना विसरून चालत नाही. म्हणून ताळेबंदावरची तारीख शोभेची नसते. मागची तारीख टाकून सही करणाऱ्यांना हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मागच्या वर्षीची चूक सापडली. आता करायचं काय?

एएस ५ मध्ये तिला पूर्वकालीन बाब म्हणतात, बोलीत सगळे ‘प्रायर पिरियड’ म्हणतात. जुना ताळेबंद खोडायचा नाही. रक्कम चालू वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात घ्यायची, पण वेगळी दाखवायची आणि तिचं स्वरूप लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला या वर्षाची कमाई आणि मागची दुरुस्ती वेगवेगळी दिसेल. किरकोळ खर्चात ती मिसळून टाकणं, ही दुसरी चूक.

समजा सेलूच्या जिनिंगच्या ४० गाठी ३१ मार्चला परभणीच्या भाड्याच्या गोदामात होत्या. मोजणी फक्त कारखान्याच्या आवारात झाली, गोदामाची पावती ट्रान्सपोर्टच्या फायलीत राहिली. गाठ १७० किलोची, खर्च २७,००० रुपये धरला तर १० लाख ८० हजारांचा माल ताळेबंदात नव्हताच. मागच्या वर्षीचा नफा तेवढ्याने कमी दिसला. या वर्षी त्या गाठी विकल्या गेल्या, विक्री जमा झाली, पण समोर खर्च नाही. म्हणून या वर्षीचा नफा फुगला.

दुरुस्ती अशी: सुरुवातीचा साठा १०.८० लाखांनी वाढवायचा आणि तेवढीच रक्कम ‘पूर्वकालीन बाबी’ या ओळीत उत्पन्न म्हणून दाखवायची. शेवटचा आकडा बदलत नाही. बदलतं ते हे, की या वर्षीचा धंद्याचा खरा नफा १०.८० लाखांनी खाली येतो आणि तो कमी असल्याचं उघड दिसतं.

शेवटचा आकडा तोच राहतो, दोन वर्षांत आपोआप जुळतं. मग खटाटोप कशाला?

‘झालं गेलं, कशाला उकरून काढायलाव साहेब?’ हा प्रश्न आम्हाला याच शब्दांत येतो.

कारण त्या दोन वर्षांच्या मध्ये माणसं बदललेली असू शकतात. वरच्याच फर्ममध्ये तीन भागीदार सारख्या हिश्श्याचे होते आणि एक जण ३१ मार्चलाच निवृत्त झाला, असं समजा. त्याचा हिशेब मागच्या वर्षीच्या नफ्यावर झाला. कर बाजूला ठेवला तर त्याच्या वाट्याचे ३ लाख ६० हजार त्याला मिळालेच नाहीत. ते या वर्षी उरलेल्या दोघांच्या खात्यावर जमा होतील. आकडे आपोआप जुळले, पण पैसा चुकीच्या घरी गेला. निवृत्तीच्या करारात ‘हिशेब अंतिम’ असं कलम असलं तरी त्याला कळवणं टाळू नका. अशा गोष्टी सोयरिकीच्या बैठकीत बाहेर येतात आणि मग त्या सीएकडे न राहता कोर्टात जातात.

शिवाय बँक दोन वर्षांची नफ्याची टक्केवारी शेजारी ठेवून पाहते. एका वर्षी खड्डा आणि पुढच्या वर्षी उंचवटा दिसला की प्रश्न विचारते.

साखर कारखान्यात वेतनवाढ मागच्या तारखेपासून लागू झाली. फरकाची रक्कम पूर्वकालीन बाब का?

नाही. हे उदाहरण एएस ५ मध्येच आहे. रक्कम मागच्या वर्षांची असली तरी देणं ठरलं या वर्षी. मागचे हिशेब करताना कुणाचीही चूक नव्हती, म्हणून हा या वर्षाचा खर्च. मोठा असेल तर वेगळा दाखवा.

आमची कंपनी इंड एएसमध्ये मोडते. तिथे काय वेगळं?

बरंच. शेअर बाजारात (एसएमई मंच सोडून) नोंदलेल्या कंपन्यांना, आणि नोंदलेल्या नसल्या तरी २५० कोटी किंवा अधिक नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) कंपन्यांना इंड एएस लागू आहे. जालन्यातल्या किंवा शेंद्र्यातल्या मोजक्याच कंपन्या त्यात येतात. इंड एएस ८ प्रमाणे मोठी चूक चालू वर्षाच्या नफ्यात येतच नाही. मागच्या वर्षाचे तुलनेचे आकडेच दुरुस्त करून छापायचे, आणि चूक त्याहून जुनी असेल तर सुरुवातीची शिल्लक दुरुस्त करायची. गरज पडल्यास तिसरा ताळेबंदही, म्हणजे मागच्या वर्षाच्या सुरुवातीचा, जोडावा लागतो. धोरण स्वतःहून बदललं तरी तसंच मागे जायचं. अंदाज मात्र तिथेही पुढेच चालतो. आमच्या मते चुकीसाठी ही पद्धत जास्त प्रामाणिक आहे, पण छोट्या फर्मला ती पेलवणार नाही.

प्रायव्हेट लिमिटेडचा दाखल केलेला ताळेबंद बदलून पुन्हा दाखल करता येतो का?

स्वतःच्या मर्जीने नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३१ खाली संचालक मंडळ मागच्या तीन आर्थिक वर्षांपैकी एखाद्याचे हिशेब सुधारू शकतं, पण त्याला कंपनी लवादाची (एनसीएलटी) मंजुरी लागते, आणि मराठवाड्यातल्या कंपन्यांसाठी तो लवाद मुंबईत आहे. कलम १३० वेगळं. तिथे गैरव्यवहार किंवा विश्वास न ठेवण्याजोगे हिशेब म्हणून कोर्ट किंवा लवादच हिशेब उघडायला लावतो. साध्या चुकीसाठी एएस ५ ची ओळ पुरते.

टॅलीत मागच्या वर्षात जाऊन नोंद बदलली तर? कुणाला कळतं?

कंपनी असेल तर कळतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणं सक्तीचं आहे आणि ती सोय बंद करता येत नाही. ऑडिटरला अहवालात त्यावर लिहावं लागतं. फर्म आणि मालकी धंद्याला हा नियम नाही, पण सही झालेल्या ताळेबंदाशी टॅलीची सुरुवातीची शिल्लक जुळेनाशी झाली की तेही लगेच कळतं. वर्ष बंद झालं की त्या वर्षाला कुलूप लावा. दुरुस्ती आजच्या तारखेने जर्नलमधून करा.

आयकरात हे असंच चालतं का?

नाही, आयकराचा रस्ता वेगळा. घसारा तिथे कायद्याच्या दराने लागतो, सर्वसाधारण मशिनरीला घटत्या शिलकीवर १५ टक्के. त्यामुळे तुमच्या पुस्तकात मशीनचं आयुष्य ४ वर्षं झालं तरी आयकराला फरक पडत नाही. धोरण बदलायला तिथेही रास्त कारण लागतं. मागच्या वर्षी राहून गेलेला खर्च या वर्षीच्या उत्पन्नातून सहसा वजा मिळत नाही. सुधारित विवरणपत्राची मुदत असेल तर ती गाठा. वरच्या ४० गाठींसारखं उत्पन्न कमी दाखवलं गेलं असेल, तर अद्ययावत विवरणपत्र भरता येतं, मुदत ४८ महिन्यांची, पण जादा कर द्यावा लागतो. कर कमी करून घ्यायला किंवा परतावा मागायला ते चालत नाही. टॅक्स ऑडिट अहवालात पूर्वकालीन उत्पन्न-खर्चाचा वेगळा रकाना असतो. तिथे ‘काही नाही’ आणि ताळेबंदात १०.८० लाख, असं झालं तर नोटीस येणारच. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, तेव्हा जुन्या कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक पाठ असतील तर तपासून घ्या.

जीएसटीचं?

आर्थिक वर्ष संपल्यावर येणारी ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांपैकी जी आधी, तोवर दुरुस्ती करता येते आणि राहिलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येतं. त्यानंतर क्रेडिट गेलं. हिशेबात पूर्वकालीन ओळ टाकली म्हणून ते परत येत नाही.

पतसंस्थेत थकीत कर्जाची तरतूद कमी पडली, ऑडिटमध्ये निघाली. चूक की अंदाज?

कर्ज अनुत्पादक कधी होतं, याचे निकष ठरलेले आहेत. हप्ते थकलेले असताना कर्ज ‘नियमित’ दाखवलं असेल तर तिथे अंदाजाला जागाच नाही, चूक आहे. ती दोष दुरुस्ती अहवालात घ्या. सभासदांसमोर ती वार्षिक सभेत स्वतःहून मांडलेली बरी. तरतूद वाढली म्हणून लाभांश कमी झाला की प्रश्न तसाही येतोच.

२,००० रुपयांचं विजेचं बिल राहिलं, तरी हे सगळं करायचं?

नाही, या वर्षाच्या खर्चात टाका. रक्कम एवढी मोठी हवी की ती कळल्याने वाचणाऱ्याचं मत बदलेल. मात्र अशी बिलं दरवर्षी राहत असतील तर मार्चअखेरची तुमची देणी लिहिण्याची पद्धतच ढिली आहे. एप्रिल-मेमध्ये आलेली बिलं एकदा चाळून कोणत्या महिन्याची आहेत ते बघा. वीज, हमाली, वाहतूक आणि व्याज, बहुतेक गळती या चारांतच सापडते.

टीप लिहायची कशी? नमुना द्या.

धोरणासाठी: ‘शिल्लक तुरीचं मूल्यांकन आतापर्यंत फिफो पद्धतीने होत होतं, ते या वर्षापासून भारित सरासरीने केलं आहे. खरेदी वर्षभर वेगवेगळ्या भावांनी होऊन माल एकत्र साठवला जात असल्याने ही पद्धत अधिक योग्य आहे. यामुळे या वर्षाचा नफा आणि शिल्लक माल ३०,००० रुपयांनी कमी दिसतो.’

अंदाजासाठी: ‘तांत्रिक तपासणीनंतर जिनिंग मशिनरीचं उरलेलं आयुष्य ९ वर्षांऐवजी ४ वर्षं धरलं आहे. त्यामुळे या वर्षाचा घसारा २,५०,००० रुपयांनी वाढला आहे.’

चुकीसाठी: ‘मागील वर्षअखेरीस बाहेरच्या गोदामातील ४० गाठी शिल्लक मालात घ्यायच्या राहिल्या होत्या. त्यांची किंमत १०,८०,००० रुपये पूर्वकालीन बाबींत उत्पन्न म्हणून स्वतंत्र दाखवली आहे. सुरुवातीचा साठा तेवढ्याने वाढवला आहे.’

तिसऱ्या टिपेत ‘अनवधानाने’ हा शब्द घालायचा आग्रह बरेच जण धरतात. घातला तरी हरकत नाही, पण रक्कम आणि वर्ष गाळून नुसतं ‘अनवधानाने’ लिहिलेली टीप ऑडिटर परत पाठवेल.